'अँड' काहून?

माझ्या लग्नाच्या स्टेजला तीन पायऱ्या होत्या. आमचे इंग्रजीचे सर त्या तिन्ही एका ढांगेत चढले, नवरदेवाच्या डोक्यावर मूठभर अक्षता ओतल्या आणि माइक नसताना साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुमचा संसार बाय लीप्स अँड बाउंड्स होवो!"

सासूबाई अमरावतीच्या, बाजूलाच उभ्या. त्यांनी हळूच विचारलं, "मास्तर लिपस्टिकचं काय म्हणून राहिले वं?"

"काही नाही, आई. धुऱ्यावरून उडी मारा म्हणतात."

"लग्नात?"

माझ्या माहेराबद्दल सासूबाईंचं जे मत आहे, ते त्या मिनिटाला झालं आणि आजतागायत कायम आहे.

धुरा म्हणजे दोन वावरांच्या मधला मातीचा उंचवटा. पुण्याकडचे लोक बांध म्हणतात. आमच्याकडे त्या वीतभर मातीपायी सख्खे भाऊ कोर्टात जातात आणि वकिलांची घरं दुमजली होतात. असा हा धुरा इंग्रजी भाषेत सरांनी नेला.

दर्यापूरजवळच्या आमच्या गावच्या शाळेत सर इंग्रजी शिकवायचे. गावात त्यांना कोणी नावानं ओळखत नसे. 'उडीसर' म्हटलं की लहान पोरगंही घर दाखवायचं. उंच, काटकुळे, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पँटच्या दोन्ही पायांना सायकलच्या क्लिपा. सायकल कधीचीच चोरीला गेली होती, क्लिपा मात्र राहिल्या. शाळेत, बाजारात, मयतीला, माझ्या लग्नातसुद्धा. विचारलं तर म्हणायचे, "ऐन उडीत पँट अडकते, पोरी. माणसानं तयार रावं."

इंग्रजीत म्हणी पुष्कळ असतील, सरांचा जीव एकीवरच होता. बाय लीप्स अँड बाउंड्स. एखाद्याची प्रगती झपाट्यानं होते, तेव्हा वापरतात. लीप म्हणजे उडी. बाउंड म्हणजे हद्द, हद्द म्हणजे धुरा. जो माणूस एकेका धुऱ्यावरून उडी मारत पुढची वावरं गाठतो, तो बाय लीप्स अँड बाउंड्स चालला. इतकं सोपं. कापसाच्या मुलखातली पोरं आम्ही, पहिल्या दिवशी निम्म्या वर्गानं वहीत 'लीप्स अँड बोंडं' लिहिलं. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, बोंड पऱ्हाटीले लागते. इंग्रजीले बाउंड लागते!"

नुसतं सांगून त्यांचं समाधान होत नसे. ते अख्खा आठवीचा वर्ग शाळेमागच्या वावरात नेत आणि रांगेनं धुऱ्यावरून उड्या मारायला लावत. पाय जमिनीवरून सुटला की ओरडायचं 'बाय लीप्स', आणि पलीकडे टेकला की 'अँड बाउंड्स'. माझी पाळी आली. मी पळत गेले, 'बाय लीप्स' म्हटलं, 'अँड' म्हटलं आणि नेमकी धुऱ्यावरच बसले. उरलेली म्हण काही तोंडातून निघाली नाही.

सर म्हणाले, "ही अँडवर पडली."

वर्गातल्या पोट्ट्यांनी त्याचं दुपारच्या सुट्टीपर्यंत 'अंडा' केलं. गणितातले माझे मार्क पाहता ते नाव मला दोन्हीकडून शोभायचं. त्या वर्षी माझ्या प्रगतिपुस्तकात इंग्रजीपुढे सरांनी मार्कांच्या शेजारी शेरा मारला: 'अजून पहिल्याच धुऱ्यावर.' वडिलांना वाटलं, पोरगी शाळा सोडून वावरात हिंडते. मग जे झालं ते झालं.

म्हणीचे सरांचे नियम कडक होते. ती फक्त चांगल्या गोष्टीला लावायची. आजार वाढला तर 'वाढला', बरा होऊ लागला तर लीप्स अँड बाउंड्स. शेजाऱ्याच्या घरी तिसरी मुलगी झाली, लोक तोंड वाकडं करून गेले. सर मुद्दाम पेढे घेऊन गेले आणि दारातूनच म्हणाले, "फॅमिली इज ग्रोइंग बाय लीप्स अँड बाउंड्स!" त्या माउलीला इंग्रजी कळलं नाही, पण कुणीतरी मोठ्यानं आनंद करतंय हे कळलं, असं ती अजून सांगते.

एकदा तपासणीला साहेब आले. वर्ग धुऱ्यावर होता. ज्याचं वावर, तो दादा हातात काठी घेऊन हजर, "मास्तर, तुमचे पोट्टे माहा धुरा खाली बसवून राहिले. उद्या बाजूवाला म्हनन हद्द सरकली!" सर त्याला इंग्रजी समजावताहेत, साहेब घाम पुसताहेत. शेवटी साहेबांनी आम्हालाच विचारलं, "काय रे, बाउंड्स म्हणजे काय?" साठ नरडी एकदम: "धुराऽऽ!" साहेबांनी मान डोलावली, खिशातून कागद काढून काहीतरी टिपून घेतलं आणि निघून गेले. आमच्या तालुक्यात ती म्हण आणखी किती शाळांत त्याच अर्थानं पसरली असेल, देव जाणे.

या सगळ्यात शंका एकाच पोरीला आली. शबाना. माझ्या बाकावर बसायची. धुऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं हात वर केला.

"सर, धुऱ्यावरून उडी मारली तं 'ओव्हर' पाह्यजे ना? लीप्स ओव्हर बाउंड्स. मधात 'अँड' काहून?"

सरांच्या हातात खडू होता. ते फळ्याकडे वळले. त्या शब्दाकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "हे इंग्रजाईले इचार."

वर्ग हसला. शबानाही हसली. पण त्यानंतर सर जेव्हा जेव्हा ती म्हण फळ्यावर लिहीत, तेव्हा 'लीप्स' मोठं, 'बाउंड्स' मोठं आणि मधला 'अँड' अगदी बारीक लिहीत. लग्नाच्या फोटोत नको असलेल्या पाहुण्याला मागच्या रांगेत सरकवतात तसा.

आम्ही मोठ्या झालो. शबानाचं बाळापूरला कापडाचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकाशी ती अजून 'काहून' शब्दानंच सुरुवात करते. मी अमरावतीला सरकारी कचेरीत टेबल सांभाळते. सर निवृत्त होऊन अकोल्याला मुलाकडे राहायला गेले. धुरा मात्र माझ्यासोबत राहिला. कोणाचं काही चांगलं झालं की मी ती म्हण, अर्थासकट, ऐकवतेच. कधी शब्दकोशात पाहिलं नाही. आपल्या आईचं नाव कोणी शब्दकोशात पाहतं का?

मागच्या वर्षी मुलीला पुण्यात बढती मिळाली. मी फोनवर म्हटलं, "बाय लीप्स अँड बाउंड्स चाललीस गं! धुऱ्यामागून धुरे!"

"धुरे कुठून आले आई?"

मी सांगितलं. मग मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. "आई, बाउंड म्हणजेसुद्धा उडीच. हद्दीचा बाउंड हा वेगळा शब्द आहे. तू हे ऑफिसात कोणाला सांगितलं नाहीस ना?"

ऑफिसात मी हे दोन निरोप समारंभांत आणि एका स्वागताच्या भाषणात सांगितलं होतं. साहेबांसमोर. पण माझं जाऊ द्या. मी घाबरले ते दुसऱ्याच कारणानं. त्याच आठवड्यात आमच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांनी सरांचा सत्कार ठेवला होता. पाहुणे म्हणून कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक. समोर नववी-दहावीची पोरं, ज्यांच्या बोटात मोबाइल आणि मोबाइलात जगातले सगळे शब्दकोश. आणि सरांनी आयोजकांना एकच मागणी कळवली होती: स्टेजवर मातीचा छोटा धुरा घालून ठेवा. मी प्रात्यक्षिक देणार आहे.

सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उडी चुकली तर हाड, उडी जमली तर हसू. मला दोन्ही डोळ्यांसमोर दिसायला लागलं. त्यातही हाडापेक्षा हसूच जास्त. जन्मभर ज्या एका म्हणीवर माणूस उभा राहिला, ती त्याच्याच शाळेत, त्याच्याच सत्काराला, एखाद्या पोरानं मोबाइल वर करून खोडावी?

मी शबानाला फोन केला. ती म्हणाली, "सांगाच लागते. त्याईले कोणी हसायच्या आधी आपणच सांगू."

"कोण सांगेल?"

"मी एकदा इचारलं होतं. आता तुही बारी."

सरांना अकोल्याहून दर्यापूरकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी नुकतीच गाडी शिकले होते आणि ते सगळ्यांना सांगत सुटले होते. पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकणाऱ्या बाईच्या प्रगतीला कोणती म्हण लावतात मला माहीत नाही. माझी गाडी सरळ रस्त्यावर नीट चालते. स्पीडब्रेकरवर चढते आणि वर बंद पडते. दरवेळी. आदल्या दिवशी मी अकोल्याला नणंदेकडे मुक्कामाला गेले, सकाळी बाळापूरच्या बसमधून उतरलेल्या शबानाला मागं बसवलं आणि सरांच्या दारात उभी राहिले.

सर फाटकातच तयार होते. नवेकोरे कॅनव्हासचे बूट, पँटला त्याच क्लिपा. सूनबाईंनी मला बाजूला घेतलं. "ताई, त्याईले उडी मारू देऊ नका. कधीपासून गच्चीवर उशी ठेवून प्रॅक्टिस करून राहिले."

गाडी निघाली. थंडीचे दिवस, दोन्हीकडे तुरी उभ्या. सर पुढच्या सीटवर, गुडघे डॅशबोर्डला टेकलेले.

"सर," मी सुरुवात केली, "शब्दांचे अर्थ कसे असतात ना, एकाच शब्दाचे कधी कधी दोन..."

स्पीडब्रेकर. गाडी बंद.

"अँडवर पडली," सर म्हणाले.

पुढच्या गावापाशी मी पुन्हा धीर केला. "सर, आजकालची पोरं लगेच मोबाइलमध्ये पाहतात..."

"पाहू दे ना. पाहूनच उडी माराव लागते."

मागून शबानानं माझ्या खांद्यात बोट खुपसलं. मी म्हटलं, "सर, थंडी आहे ना आज."

"कमाल हाये तुही," शबाना पुटपुटली.

अर्धा रस्ता असाच गेला. मग सरच एकदम म्हणाले, "थांबव, थांबव! धुरा पाह्य कसा हाये!" मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला उतरायचं असेल, म्हणून बाजूला घेतली. सर उतरले, तुरीच्या वावराशी गेले, धुऱ्याला डोळ्यांनी मापलं आणि चार पावलं मागं सरकले. "नवे बूट हायेत. एकदा पाहून घेतो."

पलीकडे हरभऱ्यात निंदणाऱ्या बाया ताठ उभ्या राहून बघायला लागल्या. सरांनी हात मागं नेले. आणि माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली, तिची मला अजून लाज वाटते.

"सर, धुरा नाहीये!"

सर थबकले. धुऱ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"मंग हे काय हाये?"

"हा आहे हो! इंग्रजीत नाहीये!"

मग मी सगळं सांगितलं. एका दमात, बायांच्या देखत, तुरीला धरून. लीप म्हणजे उडी. बाउंड म्हणजेही उडीच, ढांगा टाकत जातात तशी. हद्द म्हणजे बाउंड हा वेगळा शब्द, दिसायला सारखा. म्हणीत धुरा कुठेच नाही. नुसत्या उड्या आणि उड्या. मुलीनं सांगितलं. मी स्वतः पाहिलं. सॉरी, सर.

सर धुऱ्याकडे वळले. मी शबानाकडे बघितलं, तिनं ओढणी तोंडाला लावली होती. मला वाटलं, संपलं. हाड मोडलं असतं तर निदान प्लास्टर तरी घातलं असतं.

सर हळूच म्हणाले, "उडी..."

"हो, सर."

"अन्... उडी."

"हो, सर."

त्यांनी मांडीवर एवढ्या जोरात थाप मारली की पलीकडच्या बाया दचकल्या. "म्हणून अँड! अबे, म्हणूनच अँड!" ते वळले ते थेट शबानाकडे. "तू इचारलं होतं. आठोते?"

"हव सर. आठोते ना."

"त्या दिवसापासून तो अँड बाभळीच्या काट्यासारखा पायात हाये, माय. चालू देई, पण टोचे. ओव्हर पाह्यजे होतं, हे मलेई समजलं होतं. पण इंग्रजीच्या मास्तरनं 'अँड'चा अर्थ कोनाले इचाराव?"

ते धुऱ्यावर बसले. आम्हीही बसलो. शबानानं पाण्याची बाटली दिली. घोट घेऊन सर म्हणाले, "डिक्शनरीत पाह्यलं होतं म्या. पहिलाच अर्थ, हद्द. आपण वावरातले. हद्द म्हनल्यावर धुराच दिसला. तिथून खाली वाचलंच नाही. घाई होती. बाय लीप्स अँड बाउंड्स शिकून राहिलो होतो ना!"

आणि ते हसायला लागले. छाती मोकळी करून. हरभऱ्यातली एक बाई ओरडली, "काय झालं वं बाई? बुढा पडला काय?"

"नाही मावशी," शबाना ओरडली, "बुढ्याचा काटा निंगला!"

शाळेत पोचलो तर स्टेजवर धुरा तयार होता. शिपाईदादानं ताडपत्रीवर काळी माती रचून वर दोन गवताची ठोंबंसुद्धा खोचली होती. प्राध्यापक पहिल्या रांगेत होते. पोरं मागं, आणि मोबाइल आत्तापासूनच वर. सर काय बोलणार, त्यांनी गाडीत सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं.

सरांनी आधी फळा मागवला. म्हण लिहिली. 'लीप्स' नेहमीसारखं, 'बाउंड्स' नेहमीसारखं, आणि मध्ये 'अँड' एवढा मोठा की बाउंड्सचा शेवटचा एस फळ्याबाहेर चौकटीवर गेला.

"बाळांनो," ते म्हणाले, "मी तुमच्या मायबापाले हे चुकीचं शिकवलं." आणि सगळं सांगितलं. धुऱ्यासकट, साहेबांसकट, गच्चीवरच्या उशीसकट. "शबाना नावाच्या पोरीनं तवाच इचारलं होतं, अँड काहून. त्या पोरीले म्या 'इंग्रजाईले इचार' म्हणून बसवलं. तिचं उत्तर आज सापडलं. तिथं मागं बसली हाये ती, सफेद ओढणीवाली. टाळ्या तिच्यासाठी."

मी ज्या हसण्याला घाबरत होते ते हसू आलं, पण ते सरांच्या बाजूनं बसून आलं. माजी विद्यार्थ्यांतून एक टकला उठला आणि ओरडला, "सर, मंग आमचा धुरा कोठी गेला?"

"तुह्या वावरातच हाये, बाबू," सर म्हणाले. "आता तरी भावाशी कोर्ट खेळू नको त्याच्यापायी."

यावर जो हशा झाला त्यात दोन माणसं हसली नाहीत. ते दोघं भाऊ होते आणि लांब लांब बसले होते.

"आन् सर, या मातीचं काय करायचं?" शिपाईदादानं विचारलं. त्याची सकाळची मेहनत होती.

सरांनी धुऱ्याकडे पाहिलं. मी खुर्चीतून अर्धी उठले. पण ते नुसते गेले आणि त्याच्यावर टेकून बसले, नवे बूट समोर पसरून. "धुरा बसून भाकर खायले असते," म्हणाले. उरलेलं भाषण त्यांनी तिथूनच केलं. सत्काराची शाल, नारळ, सगळं धुऱ्यावरच घेतलं. प्राध्यापकांना शाल घालायला वाकावं लागलं.

परत निघालो तेव्हा ऊन कलत होतं. आलुबोंड्यांनी पोटं जड झाली होती. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुह्या प्रगतिपुस्तकात म्या काय लिहलं होतं वं?"

हे त्यांना आठवत असेल असं मला वाटलं नव्हतं. "अजून पहिल्याच धुऱ्यावर."

"हं." ते गालात हसले. "पण धुरा तं नव्हताच. मंग तू इतकी वर्सं अडकली होती कोठी?"

मागं शबाना खो खो हसत सुटली. तेवढ्यात समोर स्पीडब्रेकर आला. गाडी वर चढली, थरथरली, मी देवाचं नाव घेतलं आणि पाय कुठला कुठे दाबला ते मला आजही सांगता येणार नाही. पण ती बंद पडली नाही. पलीकडे उतरली.

मी सरांकडे पाहिलं. शेरा ऐकायला मी आठवीतल्यासारखी थांबले होते. सर खाली वाकले, पँटच्या क्लिपा एक एक करून काढल्या, खिशात टाकल्या आणि सीटवर मागं टेकून त्यांनी डोळे मिटले.